जलद गाडीचा प्रवास कसा आंखावा?

नागपुराहून सकाळीं निघालेली गाडी त्याच रात्रीं पुण्यास पोहोंचते, ही गोष्ट आतां वऱ्हाडांत बहुतेकांस ठाऊक झाली आहे. परंतु गाडी जलद असली म्हणजे प्रवासही आपोआप जलद होतो, अशी जी समजूत आढळते ती बरोबर नाहीं. परीक्षा, मुलाखत, कॉलेजांतील प्रवेश किंवा औषधोपचार यांकरितां आमच्या चांदूर बाजाराहून पुण्यास जाणाऱ्यास आधीं गाडीपर्यंत पोहोंचावें लागतें, आणि उतरल्यावर मुक्काम गांठावा लागतो. ह्यांतील एक कडी निसटली तर गाडीचा सारा वेग व्यर्थ होय. म्हणून हाच प्रवास उदाहरणादाखल घेऊन, बेत कसा करावा व जागा कशी राखून ठेवावी, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊं. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. हा मुख्य मार्ग अमरावती शहरांतून न जातां बडनेऱ्यावरून गेला. त्यामुळें लांबच्या पुष्कळ गाड्यांकरितां अमरावतीकरांस आजही बडनेरा गांठावें लागतें. ता. १० ऑगस्ट २०२५ रोजीं नागपूरच्या अजनी स्थानकाहून पुण्यास ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली, तीही बडनेऱ्यासच थांबूं लागली. पुढें अकोला, शेगांव, भुसावळ, मनमाड, अहिल्यानगर, दौंड अशी तिची वाट. एकंदर अंतर ८८१ किलोमीटर व वेळ १२ तास. भागाकार केल्यास सरासरी वेग ताशीं सुमारें ७३ किलोमीटर भरतो. गाडीची बांधणी ताशीं १६० किलोमीटर धांवण्याजोगी असतां असें कां व्हावें? कारण रूळ, वळणें, थांबे व त्याच मार्गावरील इतर गाड्या यांच्या मर्यादेंतच तिला धांवावें लागतें. ज्या मुंबई-अहमदाबाद मार्गाची पायाभरणी ता. १४ सप्टेंबर २०१७ रोजीं झाली, त्या ५०८ किलोमीटरांवर ताशीं ३२० किलोमीटर वेग योजिला आहे. परंतु त्यासाठीं लोहमार्गच निराळा बांधावा लागतो. तेव्हां ‘जलद’ हा शब्द ऐकून भुलूं नये. पोहोंचण्याची वेळ पाहावी.

बेत नेहमीं शेवटाकडून सुरुवातीकडे करीत यावा. समजा, मंगळवारीं सकाळीं पुण्यास परीक्षा आहे. ही गाडी सुरू झाली तेव्हांच्या वेळापत्रकाप्रमाणें अजनीहून सोमवारीं व पुण्याहून मंगळवारीं ती सुटत नव्हती. अर्थात् विद्यार्थ्यास रविवारींच निघणें भाग. अजनीहून सकाळीं ९-५० ला सुटून पुण्यास रात्रीं ९-५० ला पोहोंचण्याची तिची वेळ होती. म्हणून रात्रीं कोठें उतरावयाचें हें घरूनच ठरवून निघावें. बडनेऱ्यास गाडी दुपारच्या सुमारास येते. त्यापूर्वीं चांदूर बाजाराहून एस. टी. नें अमरावती, व तेथून सुमारें १० किलोमीटरांवरील बडनेरा गांठावयाचें आहे. वाटेंत बस बिघडली म्हणून गाडी थांबत नाहीं, आणि तिकिटाचे पैसेही बुडण्याचा संभव असतो; यास्तव निदान दोन तास हातीं राखावे. ह्या गाडीच्या डब्यांत केवळ खुर्च्या आहेत, निजण्यास फळी नाहीं. वृद्ध किंवा आजारी मनुष्य बरोबर असेल तर रात्रीची शयनयानाची गाडी हळू असूनही अधिक सोयीची ठरेल.

स्थानकांच्या नांवांविषयीं आमच्या गांवच्या लोकांनीं विशेष जपावें. आपल्या जिल्ह्यांत चांदूर दोन आहेत. चांदूर रेल्वे हें वर्धा-बडनेरा मुख्य मार्गावर आहे. चांदूर बाजाराचें स्थानक नरखेडकडे जाणाऱ्या निराळ्या मार्गावर आहे. तसेंच अमरावती व नवें अमरावती हीं स्थानकेंही भिन्न आहेत. तिकिटावरील नांव एकवार वाचून भागणार नाहीं. पैसे भरण्यापूर्वीं दुसऱ्यानेंही तें वाचावें.

आतां जागा राखण्याविषयीं. ता. १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधीं आरक्षण खुलें होतें. पूर्वीं ही मुदत १२० दिवसांची होती. ३१ मे रोजीं निघावयाचें असेल तर १ एप्रिल रोजीं सकाळीं ८ वाजतां सिद्ध असावें. ती संधि हुकल्यास आदल्या दिवशीं ‘तत्काळ’ची सोय आहे, वातानुकूलित वर्गासाठीं ती सकाळीं १० वाजतां उघडते. तींत भाडें अधिक पडतें, आणि निश्चित झालेलें तिकीट आपण रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहींत. जुलै २०२५ पासून घरबसल्या तत्काळ तिकीट काढण्यास आपलें खातें आधारशीं जोडलेलें असावें लागतें; हें काम ऐन वेळेवर टाकूं नये. प्रतीक्षायादींतील ऑनलाइन तिकीट शेवटची यादी लागेपर्यंत निश्चित झालें नाहीं तर तें आपोआप रद्द होतें व पैसे परत येतात. परंतु त्यावर राखीव डब्यांत बसतां येत नाहीं. ‘यादींत नांव आहे’ म्हणजे ‘जागा आहे’ असें समजून निघणारा मनुष्य फलाटावरच राहतो.

हे नियम वारंवार बदलतात. म्हणून निघण्यापूर्वीं ते पुन्हा पडताळावे. परंतु बेताची रीत बदलत नाहीं. घरांतील वडील माणसें पुष्कळदां हें सारें दुसऱ्याच्या हातीं सोंपवितात, आणि मग तारीख चुकली कीं वर्षाचा अभ्यास वायां जातो किंवा दवाखान्याची ठरलेली वेळ टळते. शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींनीं ही विद्या शिकून घेतली, तर त्यांच्या घरच्यांस व शेजाऱ्यांसही तिचा उपयोग होईल. भूगोलाचा नकाशा, गणिताचा भागाकार व भाषेचें काळजीपूर्वक वाचन ह्या तिन्हींची परीक्षा एका तिकिटांत होते, इतकें सांगून आम्ही वाचकांची रजा घेतों.