बॅकअप तर आहे, पण वाचणार कोण?

होस्टेलमध्ये कोणालाही विचारा, "बॅकअप आहे का?" उत्तर ठरलेलं: "आहे ना बे, पेनड्राइव्हवर!" फाइल कॉपी झाली की आपण सुटलो, असा सगळ्यांचा समज. यंदा मॅगझिनच्या जुन्या अंकांच्या सीडी तपासायचं काम माझ्याकडे आलं आणि बॅकअपची दुसरीच बाजू बघायला मिळाली. (कॉन्व्हेंटची मुलगी असल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा काणाडोळा करावा, ही विनंती!)

लायब्ररीच्या कपाटात २००३ ते २००८ च्या सीडी होत्या. आजच्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नसतं, त्यामुळे लॅबच्या सरांकडून बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. इतके उन्हाळे काढूनही (२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं!) बहुतेक सीडी वाचल्या गेल्या. पण फाइल सगळ्या पेजमेकरच्या. त्या उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. एका शीर्षकात होतं: ई, जे, के, मोठा बी, एच. हे काय आहे राजेहो? तर 'मराठी'!

झालं असं की तेव्हा मजकूर कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. फाइलमध्ये साठवलेला असतो इंग्रजी 'ई', फॉन्ट फक्त त्याला 'म'चा मुखवटा चढवतो. 'जे'ला 'र'चा, 'के'ला कान्याचा. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. युनिकोडचं तसं नाही. तिथे 'म'ला स्वतःचा नंबर आहे, फॉन्ट कोणताही लावा, 'म' हा 'म'च राहतो. देवनागरी तर १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासूनच आहे. मग आपल्या सीनियर्सनी ते का नाही वापरलं? कारण पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं, आणि टायपिस्ट मंडळींची बोटं रेमिंग्टनच्या कीबोर्डवर बसलेली होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता उपाय. लिनक्सवर लिबरऑफिसचा 'ड्रॉ' पेजमेकरच्या बऱ्याच फाइल उघडतो (ही सोय २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून आली). मांडणी थोडी विस्कटते, पण मजकूर हाती येतो. पेजमेकर विकत घ्यायला जाऊ नका, तो केव्हाच बंद झालाय. नंतर मजकूर कृतीदेव-टू-युनिकोड कन्व्हर्टरमधून काढायचा. वाटतं तेवढं हे सोपं नाही. कृतीदेवमध्ये 'वि' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'व' नंतर असतो, युनिकोडमध्ये बरोबर उलटं. 'धर्म'मधला रफार कृतीदेवमध्ये 'म'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये 'म'च्या आधी. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. कन्व्हर्टर हिंदीसाठी लिहिलेला असेल तर 'पुऱ्या', 'साऱ्या' हे शब्द डोळ्यांनी तपासाच. वाचून बघण्याला पर्याय नाही. एक अंक तपासायला मला दोन रविवार लागले.

एवढा खटाटोप काहून? कारण २००५ च्या अंकात आपल्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या एका मावशींवर सुंदर लेख आहे. छापील अंकाच्या त्या पानांना वाळवी लागली आहे. तो लेख त्या सीडीशिवाय कुठेच नाही.

तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टचंही असंच आहे. मूळ फाइल ठेवाच, सोबत युनिकोडमधली साधी टेक्स्ट फाइल आणि फॉन्टसकट पीडीएफही ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक होस्टेलच्या बाहेर, म्हणजे घरी. खोलीतला लॅपटॉप आणि त्याच्या बॅगेतली हार्डडिस्क एकाच चोराला एकाच वेळी मिळते! कॉपीसाठी लिनक्समधलं 'आरसिंक' मला सगळ्यात आवडतं, कारण ते फक्त बदललेल्या फाइल उचलतं. त्यातला 'डिलीट' ऑप्शन मात्र जपून. मुळात नसलेलं सगळं ते बॅकअपमधूनही उडवतं. आधी 'ड्राय-रन' लावून काय होणार ते बघून घ्या. पेनड्राइव्ह अनमाउंट केल्याशिवाय ओढू नका, कारण कॉपी झाली असं दिसलं तरी शेवटचा डेटा मेमरीतच अडकलेला असू शकतो. आणि पेनड्राइव्हमधला डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो, उष्णतेने तो लवकर झिरपतो. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात तो ठेवणं म्हणजे पापड वाळत घालणंच.

असो. दोन सीडी अजून वाचल्या जात नाहीत. त्यांच्यावर 'डीडीरेस्क्यू' चालवून ठेवलं आहे. ते आधी सीडीचा चांगला भाग उचलतं आणि मग खराब सेक्टरवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. काल रात्रीपर्यंत एकीतला बराच भाग निघाला होता. दुसरी २००६ ची आहे आणि ती फारच ओरखडलेली दिसते. त्या वर्षीचा छापील अंक कोणा सरांकडे, मॅडमकडे किंवा ऑफिसमधल्या कोणाकडे असेल, तर चार दिवसांसाठी लायब्ररीच्या काउंटरवर द्यावा. स्कॅन करून परत करीन.