पाथरी : दोन्हीकडून वाचायचे गाव

गोदाकाठची गावे : लेखांक ७

परभणीहून माजलगावकडे जाणाऱ्या एसटीतून पाथरीच्या स्टँडवर उतरले, की रिक्षावाला ठरलेला प्रश्न विचारतो, "साईबाबाला ना?" मी नाही म्हटले. तो जरा थांबला. "मग कोणाकडं जायचं, सर?"

काय सांगणार? मला ज्यांच्याकडे जायचे होते ते पाचशे वर्षांपूर्वी या गावात राहत होते. एक बाप, त्याचे दोन मुलगे आणि त्याच घरी शिकलेला एक शिष्य. चौघेही ग्रंथकार. त्यांचा पत्ता रिक्षावाल्याला सांगता येण्याजोगा नव्हता, म्हणून मी म्हटले, "चला, आधी गावातून एक चक्कर मारू."

साईबाबांचा विषय आधी घेतो, कारण आज महाराष्ट्र पाथरीला ओळखतो तो त्यांच्यामुळे. आपण पाथरीचे ब्राह्मण असून लहानपणीच एका फकिराच्या हवाली केले गेलो, असे बाबांनी त्यांचे शिर्डीतले भक्त म्हाळसापती यांना सांगितल्याची आठवण नरसिंहस्वामींनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात आहे. त्या धाग्यावरून पुढे शोध झाला, गावात मंदिर उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा करताना जन्मस्थानाचा उल्लेख केला आणि त्याच्या निषेधार्थ १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. आठवडाभर साऱ्या वाहिन्यांवर पाथरी होती. बाबांनी स्वतः जे आयुष्यभर मोघम ठेवले त्यावर आपण निवाडा देऊ नये, असे मला मनापासून वाटते. पण त्या आठवड्यात पाथरीबद्दल एवढे बोलले गेले आणि त्यात त्या चौघांपैकी सूर्यपंडिताचे नाव एकदाही माझ्या कानी आले नाही, याचे वाईट वाटले. आजचा लेख त्यासाठी.

संस्कृत ग्रंथांत या गावाचे नाव पार्थपूर. अर्जुनाशी त्याचे नाते जोडणारी आख्यायिका गावात सांगतात. पार्थपूर म्हणजे आपली पाथरी, हे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ सालच्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. येथे ज्ञानराज नावाचा ज्योतिषी राहत होता. शके १४२५, म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास त्याने 'सिद्धांतसुंदर' हा ग्रंथ रचला.

सिद्धांतग्रंथ म्हणजे काय, हे सांगायला हवे. पंचांग करणाऱ्या जोश्याला रोजच्या कामासाठी करणग्रंथ पुरतो. जवळचे एखादे वर्ष आरंभाला धरायचे, तिथून दिवस मोजायचे, कोष्टके लावायची की ग्रह कुठे आहे ते निघते. सिद्धांतकार मात्र कल्पाच्या आरंभापासून गणित मांडतो आणि हे असेच का, याची उपपत्ती देतो. भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणि' ११५० चा. त्यानंतर साडेतीनशे वर्षे टीका झाल्या, करणे झाली, पण त्या तोलाचा नवा सिद्धांत हाती येतो तो पाथरीच्या ज्ञानराजाचा. मधल्या काळात देवगिरीचे यादव गेले होते, बहमनी राज्य उभे राहून फुटलेही होते.

ज्ञानराजापुढे एक अडचण होती आणि ती त्याने टाळली नाही. सिद्धांत सांगतात, पृथ्वी गोल आहे आणि निराधार आहे. पुराणे सांगतात, ती सपाट आहे, मध्ये मेरू आहे, तिला आधार आहे. भास्कराचार्य या बाबतीत सरळ गणिताच्या बाजूने बोलतात. ज्ञानराजाला दोन्ही सोडवत नाहीत. तो दोहोंचा मेळ घालायला बसतो आणि त्यासाठी नव्या नव्या युक्त्या लढवतो. ही जुळवाजुळव सगळ्याच ठिकाणी पटते असे नाही. पण गणित येत असलेला आणि पुराणावर श्रद्धा असलेला माणूस या पेचात किती प्रामाणिकपणे झटतो, हे तिथे दिसते. त्याच ग्रंथात मध्येच एक अध्याय सहा ऋतूंच्या वर्णनाचा आहे, शुद्ध काव्याचा. गणिती बापाची ही काव्याची हौस मुलाच्या रक्तात उतरली. थोरला-धाकटा वाद न घालता सांगतो : एक मुलगा चिंतामणी, त्याने वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरा सूर्यदास, ज्याला सूर्यपंडित किंवा दैवज्ञ सूर्य म्हणतात. आणि शिष्य ढुंढिराज, ज्याचे 'जातकाभरण' आजही पत्रिका पाहणाऱ्यांच्या कपाटात असते.

सूर्यपंडिताचा जन्म १५०७-०८ च्या सुमाराचा. १५३८ साली, जेमतेम तिशी ओलांडताना, त्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली आणि १५४१ साली लीलावतीवर 'गणितामृतकूपिका'. टीका म्हणजे नुसता शब्दार्थ नव्हे. भास्कराचार्य सूत्र देतात दोन ओळींत आणि पुढे जातात. मागे राहिलेल्या विद्यार्थ्याचा हात धरून त्याला पुढे न्यायचे काम टीकाकाराचे. उदाहरणार्थ कुट्टक. ७ ने भागले तर ३ उरतात आणि ५ ने भागले तर २ उरतात अशी संख्या कोणती? उत्तर १७. हे चाचपडतही सापडेल, पण आकडे मोठे झाले की चाचपडणे संपते. मग एकाने दुसऱ्याला भागायचे, बाकीने पुन्हा भागायचे, असे कुटत कुटत लहान करत जायचे. म्हणून नाव कुट्टक. ग्रहगणितात याची पदोपदी गरज पडते.

मला त्याच्या ग्रंथांच्या नावांनी धरून ठेवले. 'कूपिका' म्हणजे लहानसा आड. गणितरूपी अमृताचा आड. गीतेवरच्या त्याच्या टीकेचे नाव 'परमार्थप्रपा'. प्रपा म्हणजे पाणपोई! जायकवाडीचा डावा कालवा या भागात येण्याआधीची पाथरी ज्यांनी पाहिली आहे, चैत्र-वैशाखात आडाच्या तळाशी पोहरा खरवडला जाण्याचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही नावे कुठून आली असतील ते वेगळे सांगायला नको. संस्कृत ग्रंथांना अशी नावे पुष्कळ असतात हे मला माहीत आहे. तरी दोनदा पाणीच सुचावे, हे मला या मातीतले वाटते.

त्याची खरी अजब कृती मात्र 'रामकृष्णविलोमकाव्य'. छत्तीस-अडतीस श्लोकांची. प्रत्येक श्लोकाचा पहिला अर्धा भाग रामाबद्दल. तोच भाग शेवटच्या अक्षरापासून उलट वाचत आलात की दुसरा अर्धा तयार होतो आणि तो असतो कृष्णाबद्दल.

'चिमा काय कामाची', 'रामाला भाला मारा' ही वाक्ये आपण लहानपणी खेळलो आहोत. ती उलट वाचली तरी तीच राहतात. विलोमात तसे नाही. उलट वाचल्यावर वेगळेच वाक्य निघावे लागते, अर्थपूर्ण निघावे लागते, आणि येथे तर ते दुसऱ्या देवाच्या कथेत बसावे लागते. पाथरीतल्या एका निवृत्त गुरुजींच्या ओट्यावर बसून मी हे सांगत होतो, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही नुसतं सांगू नका, करून पाहा बरं एखादं मराठीत." त्यांनी नातीची वही मागवली. दोघांनी मिळून खाडाखोड सुरू केली. 'राधा' उलट 'धारा'. 'वन' उलट 'नव'. 'नदी' उलट 'दीन'. गुरुजी पेन्सिलने अक्षरे सुटी करून मांडत होते, तांदळातले खडे निवडावेत तशी. बऱ्याच वेळाने वहीवर हे उमटले :

नदी, नव धारा.

आणि शेवटाकडून :

राधा, वन दीन.

सरळ वाचले तर पाण्याला आलेला नवा जोर. उलट वाचले तर कृष्ण मथुरेला गेल्यानंतरचे गोकुळ. गुरुजी बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिले. "सहाच अक्षरं झाली की हो," ते म्हणाले. "आन् चहा दोनदा झाला." सूर्यपंडिताने हे वृत्तात बसवून, संस्कृतचे संधी आणि जोडाक्षरे सांभाळून, रामकथेचा क्रम राखून केले आहे. काही ठिकाणी अर्थ ओढून आणावा लागतो, स्वतः कवीलाच त्यावर टीका लिहावी लागली. पण सहा अक्षरांनी आमची जी दमछाक केली, तिच्यावरून त्याच्या बुद्धीचा अंदाज येतो.

आता याच गावाची दुसरी बाजू. सूर्यपंडित दहा वर्षांचा पोर असताना, १५१८ साली, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या फौजेने पाथरी घेतली. फिरिश्ता हा इतिहासकार याचे कारण देतो ते विलक्षण आहे. निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, नाव तिमाप्पा, बापाचे नाव भैरू. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. काही कारणाने घराणे विजयनगरकडे गेले, तिथे तिमाप्पा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि चढत चढत बहमनींचा वजीर झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद निजामशाहीचा संस्थापक आणि अहमदचा मुलगा बुऱ्हाण. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. अहमदनगरहून निरोप गेला : आमच्या पूर्वजांचे गाव आम्हाला द्या, बदल्यात याहून जास्त उत्पन्नाचा मुलूख घ्या. अलाउद्दीन इमादशहा नाही म्हणाला. मग चाल झाली.

पुढे इमादशहाने गोवळकोंड्याची मदत घेऊन गाव परत घेतले. १५२७ मध्ये बुऱ्हाणने ते पुन्हा जिंकले. फिरिश्ता लिहितो की बुऱ्हाणने कोट पाडून टाकला आणि गाव आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिले, ते अकबराच्या काळापर्यंत त्यांच्याकडे राहिले. एक सुलतान, तिसऱ्या पिढीतला, धर्म बदललेला, आणि भाऊबंद म्हणून ज्यांना गाव देतो ते पाथरीचे कुलकर्णी! आपल्या शाळेच्या इतिहासात निजामशाही बाजारहाटाच्या हिशेबासारखी आली : शहा पहिला, शहा दुसरा, लढाई, तह. तिच्या मुळाशी गावच्या ओढीची अशी एक गोष्ट आहे हे कोणी सांगितले नाही. नगरहून माजलगावमार्गे येणारा कल्याण–निर्मल महामार्ग आजही पाथरीतूनच जातो. त्या रस्त्याने जाताना मला हटकून बुऱ्हाण आठवतो.

साईबाबांची पाथरीशी जोडलेली कथा आणि निजामशाहीची कथा शेजारी ठेवून पाहा. मध्ये चारशे वर्षांचे अंतर आहे, एक संताची आणि एक सुलतानाची. तरी दोन्हींत पाथरीचे ब्राह्मणाचे पोर मुसलमानाच्या घरी वाढते आणि मोठे होते. या गावाची स्मृती जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते ती हीच आहे. तिला एकाच बाजूने वाचण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी सूर्यपंडिताचे काव्य हातात घ्यावे.

मोगलांच्या राज्यात पाथरी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे झाली. सरकार म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा. नंतर हैदराबादची निजामी आली, पाथरी परभणी जिल्ह्यातला तालुका झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली, त्यानंतरची हकिकत सगळ्या मराठवाड्याची आहे, ती येथे पुन्हा सांगत नाही.

मला खटकते ते वेगळेच. निजामशाहीची पाथरी फिरिश्त्याने विजापूरच्या दरबारात बसून लिहिली. 'सूर्यप्रकाश' २००१ साली संपादित होऊन निघाला तो वडोदऱ्याहून. 'सिद्धांतसुंदर'चा इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये अमेरिकेत छापला गेला, करणारा टोके क्नुडसेन नावाचा अभ्यासक. पाथरीची नोंद अशी बाहेरच होत राहिली. याउलट, ऑस्ट्रियात आल्प्सच्या कुशीत तिरोल नावाचा प्रांत आहे. तिथे चार डोंगर आणि एक चर्च एवढ्या पसाऱ्याच्या गावालाही स्वतःचा बखरकार असतो. बहुधा एखादा शाळामास्तर, बिनपगारी. जुने फोटो, कात्रणे, घरांची नावे, दरड कोसळल्याच्या तारखा तो जमवत राहतो आणि त्याच्यानंतर दुसरा कोणीतरी ते काम उचलतो. आपल्याकडे हे काम कुलकर्ण्याच्या दप्तराने, भाटांच्या वंशावळींनी आणि तीर्थोपाध्यांच्या वह्यांनी केले. दप्तरे रद्दीत गेली, भाट यायचे थांबले. पाथरी नगरपालिकेने एक खोली आणि एक कपाट दिले तरी सुरुवात होईल. गुरुजी बसायला तयार आहेत, मी त्यांना विचारूनच आलो आहे.

एक नाव राहिले. पाथरीच्या जवळच, गोदावरीच्या उत्तर तीरावर, गोलग्राम नावाचे गाव होते. तिथे दिवाकर नावाचा ज्योतिषी राहत होता, त्याचे पाच मुलगे पाचही विद्वान. हे घराणे पुढे काशीला गेले. दिवाकराचा पणतू कमलाकर काशीतच वाढला. १६५८ साली त्याने 'सिद्धांततत्त्वविवेक' लिहिला, समरकंदच्या उलुगबेगाचे गणितही त्याने त्यात वापरले आहे. त्या ग्रंथात तो आपल्या मूळ गावाचा ठाव देतो. आधी देवगिरी, मग पाथरी, मग गोदावरीचा उत्तर काठ. गंगेच्या घाटावर बसून, कुणी विचारले तर नीट पोहोचता यावे असा.

(पुढील लेखांक : मुदगल)