विश्लेषण : मिलिंद खैरनार यांना ‘वीर’ नव्हे, ‘शौर्य’चक्र का?

खान्देशचे सुपुत्र, हवाई दलातील सार्जंट मिलिंद किशोर खैरनार यांना ११ ऑक्टोबर २०१७ रोजी काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आले. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले. गोळ्या झेलणाऱ्या जवानाला वीरचक्र का नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो.

हाजिनमध्ये काय घडले?
खैरनार हवाई दलाच्या ‘गरुड’ कमांडो पथकात होते. हवाई तळांचे रक्षण हे या पथकाचे मुख्य काम. मात्र प्रत्यक्ष कारवाईचा अनुभव मिळावा म्हणून काही जवान लष्करासोबत तैनात होते. बांदीपोरा जिल्ह्यातील हाजिन भागातील चकमकीत दोन दहशतवादी ठार झाले. खैरनार आणि कॉर्पोरल नीलेशकुमार नयन शहीद झाले. नयन यांनाही शौर्यचक्र मिळाले.

दोन मालिका कोणत्या?
परमवीर, महावीर आणि वीरचक्र ही पदके शत्रूसमोर गाजवलेल्या पराक्रमासाठी असतात. २६ जानेवारी १९५० रोजी ती सुरू झाली. अशोक, कीर्ती आणि शौर्यचक्र ही शत्रूशी थेट लढाई नसतानाच्या शौर्यासाठी. ती १९५२ पासून दिली जातात. कीर्ती व शौर्य ही नावे १९६७ मध्ये आली. दहशतवादविरोधी कारवाया सहसा या दुसऱ्या मालिकेत येतात.

युद्ध जाहीर व्हावेच लागते का?
नाही. २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झुंजताना शहीद झालेल्या कर्नल संतोष बाबू यांना महावीरचक्र मिळाले. तेव्हा युद्ध पुकारलेले नव्हते, पण समोर परकीय सैन्य होते.

मग मान कमी का?
तसेही नाही. क्रम असा : परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य. म्हणजे अशोकचक्र महावीरचक्राच्याही वर आहे. ही मालिका पोलीस आणि सामान्य नागरिकांनाही खुली आहे. २६/११ च्या हल्ल्यात कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांना अशोकचक्र मिळाले.

खैरनार यांच्यानंतर महिनाभराने, १८ नोव्हेंबर २०१७ रोजी, त्याच हाजिन भागात ‘गरुड’चेच कॉर्पोरल ज्योतिप्रकाश निराला शहीद झाले. त्यांनाही मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. पदकाची मालिका समोर कोण आहे यावरून ठरते. जवानाने दिलेले मोल त्याने बदलत नाही.