चित्रकलेच्या सरांनी आणखी काय शिकायचं?

सात वर्षांच्या मुलाने घर काढलं आहे असं समजा. कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ, तिच्यावर ओळीने घर, झाड आणि आई. आई दारापेक्षा उंच. समोर भिंत असूनही आतली खाट आणि खाटेवर निजलेली आजी स्पष्ट दिसते. ‘भिंतीपलीकडचं दिसतं का रे बाहेरून?’ असं म्हणून एखादे शिक्षक खोडरबर पुढे करतील आणि फळ्यावरचं घर उतरवून घ्यायला सांगतील. दुसऱ्या एखाद्या बाईंना ठाऊक असेल, की ह्या वयाचं मूल डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा मनाला माहीत असतं ते काढतं. तळाची रेघ ही जमीन आहे आणि सगळं त्याच जमिनीवर उभं आहे, हा त्याला नुकताच लागलेला शोध आहे. व्हिएन्नात अंध मुलांबरोबर काम केलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड ह्यांनी १९४७ साली ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ ह्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात ही तळरेघही आहे आणि आरपार दिसणारं घरही. त्या बाईंचा हात पहिल्या शिक्षकांपेक्षा चांगला असेलच असं नाही. फरक आहे तो समोरचा कागद वाचता येण्यात, आणि कलाशिक्षण ह्या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायची ती हे वाचन शिकण्यासाठी, असं माझं म्हणणं आहे.

महाराष्ट्रात हे म्हणणं जरा चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे चित्रकला शिकवण्याची परंपरा काही लहान नाही. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७चं. राज्याला स्वतंत्र कला संचालनालय आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या रेखाकला परीक्षा तर तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द घरात कुणी चित्रकार नसतानाही आपल्याला पाठ असतात. शाळेतले कलाशिक्षक बहुतेक ए.टी.डी. झालेले असतात. ह्या सगळ्यातून हात तयार होतो, आणि ती क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण ज्याला त्यापुढे शिकायचं असतं त्याच्यासमोर रस्ता फुटतो. एम.एफ.ए.ला गेलं तर स्वतःची चित्रं पक्की होतात, वर्गातलं मूल मात्र अभ्यासक्रमात येत नाही. बी.एड., एम.एड.ला गेलं तर शैक्षणिक मानसशास्त्र, मूल्यमापन सगळं येतं, पण चित्राला तिथे तोंडी लावण्यापुरतीच जागा. चित्र आणि मूल एकत्र शिकवणाऱ्या जागा देशात मोजक्याच आहेत. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात कलाशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याच विषयात एम.एफ.ए. करता येतं.

तिथे शिकायचं काय? सगळ्यात अडचणीचं प्रकरण घेऊ, मार्कांचं. चाळीस मुलांनी ‘पावसाळ्यातला एक दिवस’ काढला. त्यातल्या अडतीस चित्रांत छत्री, दोन डोंगर आणि मधून वाहणारी नदी आहे, आणि एका मुलीने फक्त गळणारं छत आणि त्याखाली ठेवलेली तीन पातेली काढली आहेत. रेषा कच्ची, रंग कागदभर ओघळलेला. तिला किती गुण द्यायचे? ‘सफाई’ हाच निकष असेल तर ती नापास. दुसरे निकष असू शकतात का, ते मोजायचे कसे आणि पालकांना समजावायचे कसे, ह्यावर ह्या विषयात बरंच काम झालं आहे. लोइस हेटलंड, एलन विनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातल्या दोन शाळांचे कलावर्ग बारकाईने पाहिले आणि २००७ साली ‘स्टुडिओ थिंकिंग’मध्ये तिथे रुजणाऱ्या आठ सवयी नोंदवल्या. त्यात हातोटी ही एक. निरखणं, चिकाटीने काम पुढे नेणं, नसलेलं डोळ्यांपुढे आणणं, स्वतःच्या कामाकडे परत वळून पाहणं ह्याही तितक्याच वजनाच्या. गंमत अशी, की ह्याच हेटलंड आणि विनर ह्यांनी २०००मध्ये उपलब्ध संशोधन एकत्र तपासून सांगितलं होतं, की चित्रकला शिकल्याने इतर विषयांतले गुण वाढतात ह्याला भक्कम पुरावा नाही. कलेची बाजू घेणाऱ्यांना ते फारसं रुचलं नाही. ‘चित्र काढा, गणित सुधारेल’ असं सांगून कलेचा तास वाचवणाऱ्यांचा आधारच त्याने काढून घेतला. पण चित्रकलेचा तास चित्रकलेसाठीच का हवा, ह्याचं उत्तर शोधणं त्यामुळे भाग पडलं. पदव्युत्तर अभ्यासाने माणसाला इतपत कठोर करायला हवं.

हे सगळं व्हिएन्ना-बॉस्टनचं, आपल्या झेडपीच्या शाळेत त्याचा काय उपयोग, हा आक्षेप रास्त आहे. लोवेनफेल्ड ह्यांचे टप्पे जगातल्या सगळ्या मुलांना जसेच्या तसे लागू पडतील हे तिकडेही सर्वांनी मानलं नाही. ब्रेंट आणि मार्जरी विल्सन ह्यांनी १९७७मध्येच दाखवलं, की मुलं आकार आजूबाजूच्या चित्रांतून, कॉमिक्समधून उचलतात. मग पालघरच्या वारली पाड्यावर, लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक पाहत वाढलेल्या मुलीचं काय? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा करण्याची रीत तिच्या डोळ्यांपुढे आधीच असते. तिच्या चित्राला लोवेनफेल्डचा कुठला टप्पा लावायचा? हा प्रश्न बॉस्टनमध्ये बसून सुटणार नाही. इथल्याच कुणीतरी तो प्रबंधाला घ्यायला हवा. आणि इथे सुरुवात झालेलीच नाही असंही नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळेत १९६२पर्यंत त्यांनी मुलांना कला शिकवली. त्या अनुभवावर उभं राहिलेलं त्यांचं ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढलं. आपल्या कलाशिक्षकांपैकी किती जणांना ते नावाने तरी माहीत आहे?

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि त्याला गोड उत्तर देण्यात अर्थ नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी निदेशक द्यायचा आहे, पण त्याच्यामागे शब्द आहे ‘अर्धवेळ’. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कला आणि इतर विषय ह्यांतली भिंत पाडायची भाषा करतं, सीबीएसईने कलासमावेशक प्रकल्प आणले. पगारपत्रकावर त्याचा परिणाम शोधूनच काढावा लागेल. केवळ शाळेतल्या नोकरीसाठी ही पदवी घेणाऱ्याची निराशा होण्याचा संभव मोठा. परदेशी विद्यापीठासाठी कर्ज काढणाऱ्याने तर दहादा विचार करावा, मग प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात शिकली होती हे कितीही मोहाचं वाटो. ज्याला आतून चित्रकारच व्हायचं आहे त्यानेही ह्या वाटेला जाऊ नये. पण शिक्षक घडवणाऱ्या संस्था, पाठ्यपुस्तकांचं काम, संग्रहालयांचे बालविभाग इथे चित्रही कळणारा आणि मूलही कळणारा माणूस लागतो. अशी माणसं तयारच झाली नाहीत, तर ‘अर्धवेळ’ हा शब्द बदला म्हणून सरकारपुढे युक्तिवाद तरी कोण करणार?

ह्या अभ्यासाची तयारी मात्र प्रवेश अर्जाच्या आधीच करता येते, आणि तिला पैसे लागत नाहीत. जे कलाशिक्षक आज वर्गावर आहेत त्यांनी मुलांच्या प्रत्येक चित्रामागे तारीख, मुलाचं वय आणि चित्राबद्दल मूल जे बोललं ते एका ओळीत लिहून ठेवावं. आणि मार्च संपला की ते गठ्ठे रद्दीत घालू नयेत.