मुक्या पडद्याचे बोलके वादक

चित्रपट म्हटला की संवाद आणि गाणी ओघानेच आली. पण आपल्याकडे चित्रपट आला तो मुका! ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. त्याच महिन्यात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले आणि सेमूर डोव्ह यांच्या वाद्यवृंदाची साथ त्यांना मिळाली. पडदा मुका होता, थिएटर मात्र मुके नव्हते.

पाश्चात्त्य देशांत ही साथ बहुधा पियानोवादक करी. नजर पडद्यावर, बोटे पट्ट्यांवर. घोडे दौडू लागले की लय वाढवायची, नायिकेच्या डोळ्यांत पाणी आले की सूर हळुवार करायचे. मध्येच फिल्म तुटली तरी हात थांबवायचा नाही, नाहीतर अंधारात बसलेले प्रेक्षक गलका करणार!

बैलगाडीतून हिंडणाऱ्या तंबूत मात्र पियानो कुठून येणार? तेथे साथीला पेटी-तबला.

दक्षिणेत तंबूतला सिनेमा रुजवला तो सामिकण्णू व्हिन्सेंट यांनी. १९०५ साली ते तिरुचिरापल्लीला रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. याच शहराजवळून कावेरीचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो आणि भातशेतीच्या गावांतून तंजावर, कुंभकोणमवरून समुद्राला भिडतो. द्यूपाँ नावाचा फ्रेंच गृहस्थ तिरुचिरापल्लीला खेळ करायला आला आणि आजारी पडला. त्याचे यंत्र आणि फिल्म व्हिन्सेंट यांनी विकत घेतल्या, नोकरी सोडली आणि तंबू घेऊन ते मुलखावर निघाले. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांच्या संग्रहात होता. पुढे १९१४ मध्ये त्यांनी कोईमतूरला व्हरायटी हॉल हे कायमचे थिएटर उभारले.

तमिळ मुलखातल्या अशा तंबूंत लोक वाळूवर बसत. पडद्यावरची अक्षरे अनेकांना वाचता येत नसत, म्हणून एक निवेदक गोष्ट मोठ्याने समजावून सांगे आणि वादक तिच्यात रंग भरीत. कावेरीकाठच्या लोकांना हा प्रकार परका वाटला नसावा. १६७६ ते १८५५ भोसल्यांची राजवट पाहिलेल्या तंजावरात मराठी कीर्तन चांगलेच रुजले होते. तंजावरचे कृष्ण भागवतर (१८४७–१९०३) आपल्या हरिकथेत मराठी साकी आणि दिंडी गात. एकाने कथा सांगायची, मागे साथीदारांनी सूर धरायचा, ही बैठक तिथल्या कानांच्या ओळखीचीच होती.

मग १९३१ साल उजाडले. १४ मार्चला मुंबईत ‘आलम आरा’ आणि ३१ ऑक्टोबरला मद्रासमध्ये ‘कालिदास’ हा तमिळ बोलपट झळकला. पुढच्याच वर्षी मराठीत ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला. पडद्याला वाचा फुटली आणि पडद्याखालच्या माणसांचे काम संपले. काहींचे नशीब उघडले. कोलकात्यात मूकपटांसाठी वाद्यवृंद चालवणारे रायचंद बोराल आणि पंकज मलिक न्यू थिएटर्सचे नामवंत संगीतकार झाले. पण गावोगावच्या तंबूंत रोज रात्री पेटी ओढणाऱ्यांचे काय? त्यांचे सूर कोणी मुद्रित केले नाहीत, त्यांची नावेही श्रेयनामावलीत कधी आली नाहीत. प्रत्येक खेळाचे संगीत त्या खेळाबरोबरच विरून गेले.

भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले, त्यांतले फारच थोडे उरले आहेत. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) त्यांपैकी एक. त्यात बाळकृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी आजही यमुनेत उडी घेताना दिसते. अशा मूकपटांचा खेळ आजही कुठे कुठे रंगतो, तेव्हा पडद्याशेजारी एखादा वादक येऊन बसतो. समोर पाहत वाजवू लागतो आणि शंभर वर्षांपूर्वीची ती माणसे पुन्हा जिवंत वाटू लागतात. साथीदाराचे मोल कळायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?