‘हायपो’ की ‘हायपर’?

दवाखान्यातून आणलेल्या कागदावर कधी ‘हायपो’, तर कधी ‘हायपर’ असे लिहिलेले असते. घाईत वाचताना दोन्ही सारखेच वाटतात. अर्थ मात्र नेमके उलटे आहेत. हा फरक प्रत्येक घरात माहीत असावा, असे आम्हांस वाटते.

दोन्ही उपसर्ग ग्रीक भाषेतले. ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘हुपेर’ म्हणजे वर. ग्रीक व संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा. म्हणून संस्कृतातील ‘उप’ हा ‘हुपो’चा आणि ‘उपरि’ हा ‘हुपेर’चा भाऊबंद लागतो. आपला ‘वर’ हा शब्दही ‘उपरि’पासूनच आला. तेव्हा सोपी खूण अशी: ‘वर’ आणि ‘हायपर’, दोहोंच्या शेवटी ‘र’. राहिला हायपो, तो खाली.

रक्तदाब चढला की हायपरटेन्शन, फार उतरला की हायपोटेन्शन. थायरॉईड ग्रंथी मंदावली की हायपोथायरॉईड. तेव्हा थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही. ती जादा काम करू लागली की हायपरथायरॉईड. तेव्हा वजन घटते, छाती धडधडते, उकाडा सोसत नाही.

सर्वांत जपावे ते साखरेबाबत. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तातील साखर वाढणे. यात तहान फार लागते, लघवीला वारंवार जावे लागते. हे सहसा हळूहळू होते. हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर उतरणे, १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे. यात दरदरून घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. हे पाहता पाहता होते. अशा वेळी ‘मधुमेह्याला साखर वर्ज्य’ म्हणून साखर नाकारणे, किंवा उलट इन्सुलिन टोचणे, जिवावर बेतते.

मग करावे काय? शुद्धीवर असलेल्या माणसाला ३ लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. १५ मिनिटांनी साखर तपासावी. कमीच असल्यास पुन्हा पाजावी. बरे वाटताच काही खायला द्यावे. तपासण्याचे यंत्र घरात नसेल आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला ही लक्षणे दिसली, तर वाट न पाहता साखर द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

कागदावरचा शब्द नीट लागत नसेल, तर डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? ‘वर की खाली?’ एवढेच विचारावे.