लाकडाची पेशी मरण्याआधी काय करते?

माझ्या काकांनी बांधावर साग लावलाय. त्यांचा नेहमीचा प्रश्न: "लाकूड कसं निघेल रे?" २०२३ मध्ये संसदेच्या नव्या इमारतीत नागपूरचं सागवान गेलं, तेव्हापासून तर जास्तच! उत्तरासाठी सालीच्या आत डोकवावं लागतं.

तिथे कॅम्बियम नावाचा पातळ, ओला थर असतो. त्यात नवी पेशी जन्मते, फुगते, आतून जाड भिंत बांधते, भिंतीत लिग्निन भरते आणि मरते. हो, मरते! उरते पोकळ नळी. पाणी वर चढतं ते अशाच नळ्यांतून.

हे काम प्रथिनांचं. घर बांधताना गवंडी, प्लंबर, रंगारी पाळीपाळीने येतात ना, तसंच. एक्स्पान्सिन भिंत सैल करतं, म्हणून पेशी वाढते. सेल्युलोज सिंथेज सेल्युलोजचे धागे बनवतं. लॅकेज आणि पेरॉक्सिडेज लिग्निन घट्ट जोडतात. शेवटी प्रोटिएज येतात आणि पेशीतली उरलेली प्रथिनंच तोडतात. जनुकं सगळ्या पेशींत तीच, पण कामावर कोण आलंय ते बदलत राहतं.

हा बदल बघायला पाइनसारखी सूचिपर्णी झाडं सोयीची. त्यांच्या लाकडात ९० टक्क्यांहून जास्त पेशी एकाच प्रकारच्या असतात: ट्रॅकीड. सागात वाहिन्या वेगळ्या, तंतू वेगळे, त्यामुळे नमुन्यात सरमिसळ होते.

वाढीच्या हंगामात साल सोलतात, आतला ओला थर खरवडतात आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवतात. उशीर केला की प्रथिनं तुटायला लागतात. मग त्यांचे छोटे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन करायचं. त्यावरून कोणतं प्रथिन होतं ते ओळखता येतं.

हंगाम का महत्त्वाचा? आपला साग एप्रिलच्या उन्हात बघा: पानं गळलेली, काम बंद. पावसाळ्यात तेच कॅम्बियम जोरात. म्हणूनच सागाच्या खोडात वर्षावर्षाची कडी दिसतात.

आता काकांचं उत्तर. आज लाकडाचा खरा दर्जा कळायला कित्येक वर्षं थांबावं लागतं. चांगल्या भिंतीमागची प्रथिनं नेमकी ओळखता आली, तर झाड लहान असतानाच अंदाज बांधता येईल. तोपर्यंत कुणी रोप दाखवून "झटपट पक्कं सागवान" म्हणालं, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा: तुमच्या जुन्या झाडाचा कापलेला ओंडका दाखवता का?

भेटू पुढच्या भागात!